हॉकी म्हणजे नक्की कुठली?

परवा सोमवारी संध्याकाळी कॉल सुरू व्हायची वाट बघत सगळे बसलो होतो. मॉन्ट्रियलचा सहकारी जरा पेंगुळलेला वाटला. विचारलं तर म्हणाला, काल रात्री हॉकी बघत बसलो, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. मी एकदम खुशीत. म्हटलं, वा! हॉकीत आमची ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं आहेत. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग अतिशय सभ्य आवाजात प्रश्न आला, "भारताची? आइस हॉकीत?"

"नाही हो, हॉकीत. साध्या हॉकीत."

"ओह, फील्ड हॉकी!"

तेवढ्यात मॅनेजर आला आणि विषय तिथेच राहिला. पण माझ्या डोक्यातून तो काही जाईना. म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याला नुसतं 'हॉकी' म्हणतो, त्याला यांच्याकडे पुढे शेपूट लावावं लागतं? आणि हे लोक बर्फावर घसरत जे करतात ते मात्र नुसतं 'हॉकी'? नाव कुणाचं आणि ते कुणी घेतलं? मग काय, शनिवार-रविवार त्यातच गेला.

आधीच कबूल करतो, बर्फाच्या बाबतीत माझी पात्रता शून्य. मी हिंगोलीचा. आमच्याकडे बर्फ दोनच प्रकारांत भेटतो. एक म्हणजे भुशात घोळवून बारदानात गुंडाळून आणलेली लादी, जिचा उन्हाळ्यात रंगीत गोळा होतो. आणि दुसरा म्हणजे ऐन गहू-हरभरा काढणीच्या वेळी येऊन वाट लावणारी गारपीट. आमचे सगळे खेळ काळ्या मातीवर. पावसाळ्यात ती चप्पल सोडत नाही, आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की बॉल आत गेला तर काडीने उकरून काढावा लागतो. तेव्हा बर्फावरच्या खेळाबद्दल मी लिहावं हा जरा आगाऊपणाच आहे. पण शोधत गेलो तसा हा मामला वळणं घेत घेत थेट आमच्या गावाच्या वेशीपर्यंत आला. म्हणून हे लिहिणं.

*

सुरुवात मॉन्ट्रियलपासूनच करू. ३ मार्च १८७५. तिथल्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, म्हणजे चक्क छताखाली, नऊ विरुद्ध नऊ असा एक सामना झाला. जाहिरात आधीच वर्तमानपत्रात आली होती. बॉल उडून प्रेक्षकांना लागू नये म्हणून त्याऐवजी लाकडाची एक चपटी गोल चकती वापरली. सामना संपल्यावर रिंकवर स्केटिंग करायला आलेल्या लोकांशी खेळाडूंची जुंपली, बाकं मोडली. म्हणजे या खेळाचा पुढचा स्वभाव पहिल्याच दिवशी दिसला म्हणायचा :)

हे सगळं जमवून आणणारा माणूस होता जेम्स क्रेटन. मूळचा हॅलिफॅक्सचा, पेशाने इंजिनियर. (बघा, फावल्या वेळात इंजिनियर काय काय करतात!) बर्फावर काठ्या घेऊन खेळणं त्याने शोधून काढलं नव्हतं. हॅलिफॅक्सच्या बाजूला गोठलेल्या तळ्यांवर असले खेळ कितीतरी आधीपासून चालत. तिथल्या मिगमाक या आदिवासी समाजाचे कारागीर त्यासाठी काठ्या तासून द्यायचे, आणि पुढे त्या काठ्या 'मिक-मॅक' नावाने दुकानांत विकल्या जायच्या. क्रेटनने केलं ते एवढंच, की तळ्यावरचा खेळ उचलून चार भिंतींत आणला, दोन टीम ठरवल्या आणि त्याला नियमात बांधला.

आता नियम कुठून आणले? इथे खरी गंमत आहे. फेब्रुवारी १८७७ मध्ये मॉन्ट्रियलच्या 'गॅझेट' या वर्तमानपत्रात या खेळाचे नियम छापून आले. ते नियम म्हणजे इंग्लंडमध्ये १८७५ साली झालेल्या हॉकी असोसिएशनचे, म्हणजे गवतावरच्या हॉकीचे नियम, जवळजवळ जसेच्या तसे. आपल्या भाषेत सांगायचं तर रिपॉझिटरी फोर्क केली आणि व्हेरिएबलची नावं बदलायची राहून गेली. खेळ बर्फावर, पण नियमात 'ग्राउंड' तसंच. वापरायची चकती, पण नियमात 'बॉल' तसाच. आणि खेळ सुरू करायचा तो 'बुली'ने. ज्यांनी जुनी हॉकी बघितलीय त्यांना बुली आठवेल. दोघं समोरासमोर उभे राहून आधी जमिनीला मग एकमेकांच्या स्टिकला असं टकटक करतात आणि मग बॉलवर झडप घालतात. आज आइस हॉकीत त्या जागी 'फेसऑफ' आहे. त्यात रेफ्री दोघांच्या मध्ये चकती टाकतो.

म्हणजे माझ्या सहकाऱ्याला आता ठणकावून सांगता येईल, की बाबा रे, तुमची हॉकी ही आमच्या हॉकीची फोर्क आहे. पण जरा थांबा. 'आमची' म्हणताना मीही घाईच करतोय. ती नियमावली इंग्लंडमधल्या क्लबांची होती. आपल्याकडे ती फौजेबरोबर आली. ते पुढे.

त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. व्हिक्टोरिया रिंकचा बर्फ साधारण २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद होता. आज उत्तर अमेरिकेतला व्यावसायिक रिंक २०० बाय ८५ फुटांचा असतो. म्हणजे मॉन्ट्रियलमधल्या एका इमारतीत जेवढी जागा होती, तेवढाच पुढे दीडशे वर्षं खेळ राहिला! गवतावरची हॉकी १०० यार्ड बाय ६० यार्डांत, अकरा-अकरा जणांत. बर्फावर जागा कमी आणि वेग जास्त, म्हणून नवाचे सात झाले आणि सातांचे सहा. वेग इतका, की खेळाडू पाऊण मिनिटात दमून बाहेर येतो आणि खेळ चालू असतानाच दुसरा आत उडी मारतो. खेळाचे नियम माणसं लिहितात खरी, पण त्यांना ते सांगतं कोण? पायाखालची जागा.

*

आता शब्दांकडे वळू. खेळ कुठून कुठे गेला हे शोधायचं असेल तर पासपोर्टपेक्षा शब्दांवरचे शिक्के जास्त उपयोगी पडतात.

त्या चकतीला इंग्रजीत पक म्हणतात. कडक रबराची, एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमच्या मध्ये. मॉन्ट्रियलचे फ्रेंच बोलणारे लोक तिला म्हणतात 'रोंदेल'. रशियन लोक म्हणतात 'शायबा', आणि गोल हवा असला की अख्खं स्टेडियम "शायबू, शायबू" असं ओरडतं. आता या दोन्ही शब्दांचा रोजच्या व्यवहारातला अर्थ काय, तर नट-बोल्टमध्ये घालतात तो वॉशर! म्हणजे आमच्या हिंगोलीतल्या सायकलवाल्याच्या भाषेत वायसर. जगातले दोन हॉकीवेडे समाज, एकमेकांपासून हजारो मैल लांब, आणि दोघांनाही ती चकती बघून वायसरच आठवला. मला हे फार आवडलं. फिनलंडचे लोक चकतीला चकतीच म्हणतात, त्यांचा 'कीएक्को'. चिनी लोकांनी मात्र चकतीबिकती काही मानली नाही, त्यांच्याकडे अख्ख्या खेळाचं नाव 'बिंगच्यू', म्हणजे बर्फाचा चेंडू.

आणि आपले पंजाबी? कॅनडात २००८ पासून राष्ट्रीय हॉकी लीगचं समालोचन पंजाबीतही सुरू झालं. हरनारायण सिंग हे त्यातलं गाजलेलं नाव. तिथे पकला म्हणतात 'टिक्की'. हो, आलू टिक्कीतली टिक्की. जोरात फटका मारला की 'चपेड शॉट', चपेड म्हणजे थप्पड. चुकीबद्दल खेळाडूला दोन मिनिटं एका कप्प्यात बसवतात, तो 'सज़ा दा डब्बा'. एखादा समाज परक्या देशात रुजला की नाही हे ओळखायची याहून चांगली खूण मला तरी माहीत नाही. टिक्की म्हटलं की खेळ घरचा झाला. (मराठीत कोणी समालोचन केलं तर? चकती, चापट आणि कोंडवाडा. बघा, जमतंय की नाही!)

शब्दांची ही ये-जा एकतर्फी नाही. आइस हॉकीत एका खेळाडूने तीन गोल केले की 'हॅट-ट्रिक' म्हणतात आणि प्रेक्षक खरोखरच्या टोप्या बर्फावर फेकतात. हा शब्द तिकडे गेला क्रिकेटमधून. उलट, समोरचा एक गडी डब्यात बसला की जो संघ संख्येने जास्त असतो त्याचा 'पॉवर प्ले' चालू असतो. २००५ साली एकदिवसीय क्रिकेटमध्ये आला तो 'पॉवर प्ले' शब्द बर्फावर आधी कितीतरी वर्षं वापरात होता. म्हणजे एक दिला, एक घेतला.

बिनपंचांच्या, बिननियमांच्या, तळ्यावर जमेल तशा हॉकीला कॅनडात 'शिनी' म्हणतात. गल्ली क्रिकेटचा बर्फावरचा भाऊ. आपल्याकडेही काठी-चेंडूचा खेळ नवा नाही. तुकोबांच्या गाथेत विटीदांडूवर अभंग आहेत, तसे चेंडूफळीवरही आहेत. तेव्हा काठी आणि चेंडू एकत्र आणायला आपल्याला साहेबाची गरज नव्हती. साहेबाकडून आल्या त्या शिट्टी, रेषा आणि ट्रॉफी.

आणि टीमची नावं? त्यात तर फौजच फौज. टोरंटोच्या संघाचं 'मेपल लीफ्स' हे नाव १९२७ साली ठेवलं गेलं, कारण पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यावर मेपलचं पान असायचं. शिकागोच्या 'ब्लॅकहॉक्स'चं नाव मालक ज्या डिव्हिजनमध्ये होता तिच्यावरून आलं. सोव्हिएत काळात वर्षानुवर्षं जगाला धडकी भरवणारा मॉस्कोचा सीएसकेए हा तर उघड उघड लष्कराचा क्लब. मॉन्ट्रियलचा 'कॅनेडियन्स' (१९०९) मात्र वेगळा. त्यांना प्रेमाने 'हॅब्ज' म्हणतात, म्हणजे 'हाबितां', कॅनडातले जुने फ्रेंच शेतकरी. त्यांच्या बोधचिन्हातला एच हा हाबितांचा असं खूप लोक छातीठोकपणे सांगतात, पण तो एच चक्क हॉकीचाच आहे.

*

फौजेचा विषय निघालाच आहे तर आता आमच्या गावाला चला.

हिंगोलीत कोणाला पत्ता विचारलात तर ऐकू येईल: रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. लहानपणी ही नुसती नावं होती. पेन्शनपुऱ्यात क्लास, सदर बाजारात वह्या. कधी डोक्यात आलंच नाही की रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना म्हणजे तोफखानाच, आणि पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त शिपायांची वस्ती. अर्धा इंग्रजी, अर्धा देशी शब्द. असा शब्द छावणीशिवाय कुठे जन्माला येणार!

तर हिंगोली हे हैदराबाद काँटिंजंटचं ठाणं होतं. निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली ही फौज. तिची ठाणी बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आताचं अचलपूर आणि आमचं हिंगोली अशी पसरलेली. १९०३ साली काँटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली, पलटणींना नवे नंबर मिळाले आणि आमची छावणी उठली. नावं तेवढी मागे राहिली.

आणि नेमकं हेच वर्षांचं गणित मला महत्त्वाचं वाटतं. हिंदुस्थानात हॉकी आली ती ब्रिटिश पलटणींबरोबर, आणि तिचा जम बसला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. कलकत्त्याचा बेटन कप १८९५ चा, मुंबईचा आगाखान कप १८९६ चा. भारतीय हॉकी फेडरेशन निघालं १९२५ मध्ये, ग्वाल्हेरला. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला पहिलं सुवर्ण. त्यात ज्याने १४ गोल केले तो ध्यानचंद सैन्यातलाच शिपाई. हॉकीला जे पाणी मिळालं ते छावण्या, रेल्वे आणि पोलिसांच्या मैदानांतून. ज्या गावांत विसाव्या शतकात छावणी टिकली, तिथे मैदान टिकलं. मैदान टिकलं तिथे हॉकी टिकली.

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे पुण्याजवळची खडकी. छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत १९६८ साली धनराज पिल्ले जन्मला. वडील मैदानाची देखभाल करायचे. घरची ओढाताण इतकी, की पोरं मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन वसाहतीतल्या धुळीच्या मैदानावर खेळायची. तिथून तो चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धांपर्यंत गेला. १९९८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा कप्तान तोच. धनराजचं कौतुक कितीही केलं तरी कमीच. पण त्याच्या पायाखाली एक मैदान होतं, फुकट होतं, आणि घराच्या दारात होतं, हेही विसरून चालणार नाही.

*

आता परत मॉन्ट्रियल. (बघा, या गावाने आपला पिच्छा पुरवलाय.)

१५ मार्च १९७५. क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ ने हरवून विश्वचषक जिंकला. मॉन्ट्रियलच्या त्या पहिल्या इनडोअर सामन्याला तेव्हा शंभर वर्षं आणि वर बारा दिवस झाले होते. हा आपला आजवरचा एकमेव हॉकी विश्वचषक. आणि पुढच्याच वर्षी, १९७६ ला, मॉन्ट्रियल ऑलिंपिक. तिथे ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली. १९२८ पासून १९७२ पर्यंत भाग घेतलेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक आणणारा भारत सातवा आला.

सगळं खापर टर्फवर फोडणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. त्याच टर्फवर पाकिस्तानने कांस्य मिळवलं. १९८० ला मॉस्कोत आपणही टर्फवरच आठवं सुवर्ण जिंकलं, जरी तेव्हा बहिष्कारामुळे बरेच तगडे संघ आले नव्हते. संघटनेतलं राजकारण, बदलते नियम, फिटनेस ही कारणं होतीच. पण मुळावर घाव बसला तो वेगळ्या ठिकाणी. मातीवर बॉल उसळतो, थबकतो, फसवतो. त्याला मनगटाने समजावून घ्यावं लागतं. आपली सगळी कला त्या समजुतीची होती. टर्फवर बॉल सरळ आणि सुसाट जातो, तिथे दम आणि वेग लागतो. आणि मुख्य म्हणजे टर्फ विकत घ्यावं लागतं, त्यावर पाणीही मारावं लागतं. चांगल्या दर्जाचं टर्फ सामन्याआधी भिजवायलाच लागतं, नाहीतर खेळाडू भाजतो आणि बॉल अडखळतो. आता मला सांगा, ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथल्या एखाद्या शाळेने प्लास्टिकचं गवत कुठल्या तोंडाने भिजवायचं?

म्हणजे हॉकी आपल्याकडून कोणी हिसकावली नाही. तिच्या खालची जमीन बदलली, एवढंच झालं. टोकियो आणि पॅरिसला (२०२१ आणि २०२४) कांस्य मिळालं तेव्हा घरात आम्हीही ओरडलो. पण मधली ४१ वर्षं पदकाविना गेली हेही खरं.

*

आता शेवटचं वळण, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं.

हिंगोलीची छावणी उठली, मग त्या पलटणी गेल्या कुठे? १९२२ च्या फेररचनेत काँटिंजंटच्या जुन्या पलटणींची मिळून १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली. भरतीचा भाग हळूहळू दख्खनकडून उत्तरेकडे, डोंगराकडे सरकला. १९४५ मध्ये तिचं नाव बदललं आणि झाली कुमाऊं रेजिमेंट. हो, तीच. याच रेजिमेंटच्या जुन्या चौथ्या बटालियनमधून आलेले जनरल थिमय्या यांनी १ नोव्हेंबर १९४८ ला झोजी ला खिंडीत रणगाडे नेऊन लेहचा रस्ता मोकळा केला. आणि १८ नोव्हेंबर १९६२ ला चुशुलजवळ रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची तुकडी, १३ कुमाऊंची, जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. दख्खनच्या छावण्यांत मुळं असलेली रेजिमेंट, आणि तिचं नाव कोरलं गेलं लडाखच्या बर्फात.

लडाखमध्ये आइस हॉकी रुजली तीही फौजेमुळेच. कुमाऊंनेच ती नेली असं मी म्हणत नाही. पण १९७० च्या दशकात तिथल्या जवानांनी गोठलेल्या तळ्यांवर खेळायला सुरुवात केली. सामान म्हणाल तर लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती लावून स्केट. गावातली पोरं काठावर उभी राहून बघायची, मग हळूच उतरायची. लेहचं कर्झू तळं हे त्यांचं व्हिक्टोरिया रिंक. थंडी पडली की पाणी सोडायचं, रात्री गोठू द्यायचं आणि सकाळी खेळायचं. शिमल्याला साहेबांनी १९२० सालीच नैसर्गिक बर्फाचा रिंक केला होता, पण हा खेळ आपला म्हणून ज्यांनी उचलला ते लडाखी. १९८९ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. पुरुषांचा संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला ती वीस वर्षांनी, २००९ ला, अबू धाबीत.

मुलींची गोष्ट तर आणखी भारी. भाऊ खेळून आला की त्याचेच स्केट घालायचे, मापाचे नसले तरी. २०१६ ला तैपेईत पहिली स्पर्धा, सगळे सामने हरल्या. परदेशात जायला पैसे नाहीत म्हणून लोकांकडून वर्गणी जमवली. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं, भारताच्या महिला संघाचा पहिला विजय. आणि २०२५ ला अल ऐनमध्ये आशिया कपचं कांस्यपदक. ज्या देशात वर्षातले जेमतेम दोन महिने बर्फ टिकतो, तोही एका कोपऱ्यात, त्या देशाच्या मुली हे करून आल्या.

बाकी देशाचं काय? डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठा बंदिस्त रिंक बांधला. स्पर्धा झाली आणि मग तो वर्षानुवर्षं बंद. विजेचं बिल कोण भरणार? तो नव्याने सुरू होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंग स्पर्धा झाली. लेहला आता कृत्रिम रिंक आहे, २०२४ पासून 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धांतली आइस हॉकी तिथे होते. आपल्या महाराष्ट्राची पोरं तिथे स्केटिंगमध्ये पदकं मिळवतात. सराव बहुतेकांचा चाकांवरचा, सिमेंटच्या रिंकवर. मुंबईत एस्सेलवर्ल्डमध्ये एक बर्फाचा रिंक होता, ते पार्कच २०२२ मध्ये बंद पडलं.

आणि लडाखचा नैसर्गिक बर्फ? हिवाळे उबदार होतायत, तळी उशिरा गोठतात आणि लवकर वितळतात. म्हणजे तिथेही तेच होऊ घातलंय जे मातीवरच्या हॉकीचं झालं. फुकटातली, दारातली जागा जाणार आणि तिच्या बदली विकतची जागा येणार. विकतची जागा आली की खेळायचं कुणी, हे खेळाडू ठरवत नाही.

*

असो. तर हॉकी नक्की कुठली?

पुढच्या सोमवारी कॉलवर सहकाऱ्याला मी सगळं सांगितलं. १८७७ ची नियमावली, बुली, ग्राउंड, सगळं. त्याला वायसरचा किस्सा फार आवडला. म्हणाला, रोंदेल म्हणजे वॉशर हे आम्हाला माहीत असतं, पण कधी लक्षातच येत नाही. मला लगेच पेन्शनपुरा आठवला. मीही तर तिथे क्लासला जायचो, आणि कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग त्याने लडाखच्या मुलींबद्दल विचारलं. त्यांचं तळं किती दिवस गोठतं म्हणाला. मी म्हटलं, दोन महिने, आणि तेही कमी होतंय. तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, लहानपणी त्याचे आजोबा घरामागे पाणी मारून रिंक करायचे, त्यावर तो शिनी खेळायला शिकला. आता त्याच्या मुलासाठी तोही दर वर्षी करून बघतो, पण बर्फ धड धरत नाही. मुलाला पैसे भरून इनडोअर रिंकवर पाठवावं लागतं.

मी त्याला काळ्या मातीबद्दल सांगितलं. तिच्या भेगांत बॉल कसा जायचा ते.

त्यानंतर आम्हा दोघांपैकी कुणीच फील्ड किंवा आइस असं काही पुढे लावलं नाही. नुसतंच हॉकी म्हणत राहिलो. मग मॅनेजर आला.